मिनिटाला एकसष्ट शब्द

ओठ हलवू नका, भदौरिया मॅडम म्हणतात,
डोळ्यांनी वाचा.
तरी हलतातच, म्हणून देतात पेन्सिल दातांत धरायला.
बेचाळिसाव्या वर्षी, पहिल्या बाकावर,
लगाम घातलेल्या तट्टासारखी मी.

पडावच्या पुलापलीकडचं कॉलेज, जानेवारी, सकाळचे साडेसात.
धुक्यात दिवा लावून टेम्पोवाला ओरडतो, बाडा, बाडा,
आणि मी उलट्या दिशेला निघते.
इंग्रजी वाचनाचा वर्ग, महिने चार, फी अठराशे.

दौलतगंजात, औषधांच्या दुकानात, एकवीस वर्षं
मी नावं वाचत नव्हते, ओळखत होते,
लांबून माणूस चालीवरून ओळखावा तशी:
हे बुटकं, शेवटी एक्स असलेलं, हे तापाचं,
ते लांबलचक, मध्ये दोन पोटं असलेलं, खोकल्याचं.
एकदा सारख्या चालीच्या दोन पट्ट्या बदलल्या गेल्या.
कुणाला काही झालं नाही.
मला झालं.

वर्गातली मुलं माझ्या भाच्यांच्या वयाची.
दीपेंद्र तोमरला फौजेत जायचंय.
नौशाबा पान उलटताना श्वास रोखते.
आधी मला आंटी म्हणत, मग दीदी, आता काहीच नाही,
नुसती सरकून जागा देतात.

मॅडमच्या हातात स्टॉपवॉच.
वहीच्या शेवटच्या पानाला चिकटवलेला आलेखाचा कागद:
मिनिटाला किती शब्द, तिथे ठिपका.
दीपेंद्रचे ठिपके जिना चढतात.
माझे गच्चीत वाळत घातलेल्या सांडग्यांसारखे,
ओळीनं बसलेले.

दुसरा नियम: डिक्शनरी पिशवीत.
अडलेला शब्द शेजारच्या शब्दांना विचारायचा.
हे मात्र मला नवं नव्हतं.
या गावात आमच्या घराण्यानं दुसरं केलंय काय?
पणजोबांनी भाव, शिव्या, आशीर्वाद,
सगळं शेजाऱ्यांच्या तोंडाकडे बघून शिकून घेतलं.
चार पिढ्या झाल्या, गल्लीत आम्ही अजून दक्षिणी,
आणि मी ‘लाईट चालली गेली’ म्हटलं
की पुण्याची नणंद पदर तोंडाशी नेते.

चौदावा उतारा. समुद्रकाठचा एक म्हातारा.
समुद्र मी पाहिलेला नाही.
तिसऱ्या ओळीत शब्द आला, मेंड.
आधी वाटलं, मेंढरू असेल.
मग शेजार पाहिला:
अलीकडे जाळं, पलीकडे सुई,
खालच्या ओळीत फाटलेलं काही, बोटं, कमी होत जाणारा उजेड.

आणि दानाओलीतल्या खिडकीशी बाबा येऊन बसले.
मांडीवर कुणाचीतरी चंदेरी, उंदरानं कुरतडलेली,
डोळ्यांच्या इतकी जवळ
की त्यांच्या श्वासानं पदर हलायचा.
काठाच्या आतून एक धागा ओढायचे,
साडीचं भोक साडीच्याच धाग्यानं भरायचे.
न्यायला आलेली बाई उजेडात धरून विचारी, कुठे होतं हो?
बाबा सांगत नसत.

पेन्सिल पडली.
रफू, मी म्हणाले, मोठ्यानं.
अठरा डोकी वर झाली.
मॅडम हसल्या, पण घड्याळ त्यांनी थांबवलं नाही.

एकसष्ट शब्द.
वर्गात सगळ्यांत कमी, माझेही आजवरचे सगळ्यांत कमी.
सांडग्यांच्या ओळीखाली एक एकटा पडला.
पाचातले दोनच प्रश्न सुटले.
जाळं पुरं झालं का, म्हातारा पाण्यात गेला का,
तो भाग माझ्या मिनिटात आलाच नाही.

परतताना टेम्पोत पुस्तक उघडलं.
खड्ड्यांनी ओळी हलत होत्या, ओठही.
शेजारची बाई, मांडीवर गजकचा डबा, बराच वेळ बघत होती.
पाठ कर रही हो? तिनं विचारलं.
मी मान हलवली,
आणि ती मला जागा व्हावी म्हणून
जरा आत सरकली.